सात इकलीम : जगाचा मध्य कुणाचा?

शाळेच्या भूगोलात पृथ्वीचे तीन कटिबंध आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना उष्ण, ध्रुवांकडे शीत आणि या दोहोंच्या मध्ये समशीतोष्ण. यातला तिसरा शब्द मला नेहमी विचारात पाडतो. उष्ण आणि शीत हे शब्द फक्त तापमान सांगतात. समशीतोष्ण हा शब्द त्यासोबत एक शेराही मारतो. फार गरम नाही, फार थंड नाही, म्हणजे जसे असायला हवे तसे. आता जसे असायला हवे तसे, हे ठरवले कुणी?

या प्रश्नाचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि त्यातली मधली काही शतके अरबीत लिहिली गेली आहेत. मुस्लिम जगाच्या ज्ञानविज्ञानाच्या सुवर्णयुगाबद्दल आपल्याकडे बरेच बोलले जाते. त्या अभिमानाच्या यादीत भूगोलाचे नाव हमखास असते. पण त्या भूगोलात माणसांची प्रतवारीही होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिला विरोध करणारेही त्याच परंपरेत होते, हेही सांगितले जात नाही. या लेखात मला दोन्ही गोष्टी सोबत मांडायच्या आहेत.

सूर्याचा कल

ग्रीक भाषेत ‘क्लिमा’ म्हणजे उतार किंवा कल. सूर्याची किरणे एखाद्या जागी किती तिरपी पडतात, त्यावरून पृथ्वीचे पट्टे पाडण्याची कल्पना ग्रीकांची. इंग्रजीतला क्लायमेट हा शब्द याच क्लिमापासून आला आणि अरबीतला ‘इकलीम’ही. ॲरिस्टॉटलच्या मते पृथ्वीचा मधला पट्टा उन्हाने इतका भाजलेला आहे की तिथे वस्ती अशक्य. दोन्ही टोके थंडीने गोठलेली. माणसे राहू शकतील अशी जागा फक्त मधल्या दोन पट्ट्यांत.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने हे काम गणिताने केले. वर्षातला सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, हे त्याचे माप होते. सुदानमधल्या मेरोवेला तो १३ तासांचा, असवानला साडेतेरा, अलेक्झांड्रियाला १४. असे अर्ध्या अर्ध्या तासाने वर सरकत ऱ्होड्स, रोम आणि काळा समुद्र ओलांडून नीपर नदीच्या मुखापाशी १६ तासांवर सातवा पट्टा येतो. घड्याळ, थर्मामीटर काहीही नसताना फक्त सावली मोजून जगाची विभागणी करणारी ही पद्धत होती. तिचा तापमानाशी थेट संबंध नव्हता. तो पुढे जोडला गेला.

अब्बासी खलिफा अल मामूनच्या काळात (८१३ ते ८३३) बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची भाषांतरे झाली. मामूनच्या विद्वानांनी सिंजारच्या मैदानात पृथ्वीच्या एका अंशाची लांबी प्रत्यक्ष चालून मोजली. ज्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, त्या अल ख्वारिज्मीने ‘सूरत अल अर्द’ या ग्रंथात शहरे, पर्वत, नद्या यांचे अक्षांश-रेखांश इकलीमनुसार मांडले. पुढे ११५४ मध्ये सिसिलीच्या ख्रिस्ती राजासाठी, दुसऱ्या रॉजरसाठी, अल इद्रिसीने जगाचे वर्णन आणि नकाशे तयार केले. सात इकलीम, प्रत्येकाचे दहा भाग, असे एकूण ७० तुकडे. त्यात दक्षिण वर आहे आणि उत्तर खाली. आपल्या सवयीने पाहिले तर जग उलटे टांगल्यासारखे वाटते.

ही चौकट इतकी रुजली की फारसी, तुर्की दरबारांत ‘सात इकलीमांचा बादशाह’ म्हणजे अख्ख्या जगाचा बादशाह असे समजले जाई. अकबराच्या दरबारात अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शहरांचे कोष्टक दिले, तेही इकलीमवार.

चौथा इकलीम

साताचा मध्य म्हणजे चार. खालून तीन, वरून तीन, मध्ये चौथा. टॉलेमीच्या हिशेबात चौथ्या पट्ट्याच्या मध्यावर ऱ्होड्स हे ग्रीक बेट होते. बगदादच्या विद्वानांनी मोजले तेव्हा त्याच चौथ्या पट्ट्यात इराक आला. जुन्या इराणी परंपरेत पट्ट्यांऐवजी सात वर्तुळाकार ‘किश्वर’ होते. सहा बाजूंनी सहा आणि मध्ये सातवे, अर्थातच इराण. नकाशा ज्याने काढला, त्याचे घर मध्यावर आले.

एवढ्यावर थांबले असते तर ही गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण मध्यावरच्या हवेवरून मध्यावरच्या माणसाचे गुण ठरवले गेले. चौथ्या इकलीममधला माणूस बुद्धीने, वर्णाने, स्वभावाने संतुलित. दक्षिणेचा माणूस उन्हाने करपलेला, उतावळा. उत्तरेचा माणूस थंडीने बधिरलेला, जड बुद्धीचा. टोलेडोचा काझी साईद अल अंदलुसी याने १०६८ मध्ये जगातल्या समाजांच्या ज्ञानपरंपरांवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने उत्तर युरोपच्या लोकांना आणि आफ्रिकेच्या काळ्या लोकांना, दोघांनाही विद्येच्या बाहेर ठेवले. एकांना थंडीमुळे, दुसऱ्यांना उष्णतेमुळे.

पण त्याच पुस्तकात विद्या जोपासणाऱ्या समाजांत पहिले स्थान त्याने भारतीयांना दिले. त्याच्याच नियमाने भारतीय दक्षिणेकडचे, सावळे. नियम लावला तर ते मागे पडायला हवे होते. भारतीय गणित आणि खगोल मात्र त्याच्यासमोर होते. म्हणून त्याने मार्ग काढला की यांचा रंग काळ्याकडे झुकणारा असला तरी अल्लाहने यांना त्या रंगाच्या दोषांपासून वाचवले. समोरच्या पुराव्याने नियम मोडला होता. त्याने नियम तसाच ठेवला आणि भारतीयांना अपवाद ठरवले.

हामचा शाप आणि इब्न खल्दून

रंगाबद्दल आणखी एक कथा त्या काळी प्रचलित होती. नूहचा मुलगा हाम याला बापाचा शाप लागला, त्याची संतती काळी झाली आणि गुलामगिरी तिच्या नशिबी आली. यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम, तिन्ही समाजांत ही कथा फिरत होती. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांना ती सोयीची होती.

नवव्या शतकात बसऱ्याच्या अल जाहिजने काळ्या लोकांच्या बाजूने एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. काळा रंग ही शिक्षा किंवा विद्रूपता नाही, ती जमिनीची, पाण्याची आणि उन्हाची करामत आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. १३७७ मध्ये इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त हाच धागा पुढे नेला. त्याने सरळ सांगितले की तौरातमध्ये शापाचा उल्लेख आहे, पण रंगाचा नाही. रंगाचे कारण हवा आहे. सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, तिथे कातडी काळवंडते. काळे लोक उत्तरेत जाऊन राहिले तर पिढ्यांनंतर त्यांची संतती गोरी होईल आणि गोरे दक्षिणेत गेले तर काळी. आजच्या विज्ञानाच्या दृष्टीने हे ढोबळ आहे. पण रंग वंशाच्या पापातून येत नाही, हे चौदाव्या शतकात ठामपणे लिहिणे साधी गोष्ट नव्हती.

आणि तरीही तोच इब्न खल्दून पुढे लिहितो की पहिल्या इकलीमचे लोक पशूंच्या जवळ जाणारे असतात. उत्तर टोकाच्या लोकांबद्दलही तो तेच म्हणतो. शाप काढून टाकला, पण प्रतवारी राहू दिली. पूर्वी ती वंशाने ठरत होती, आता हवेने ठरू लागली. आणखी एक अडचण त्याच्यापुढे होती. हिजाज आणि येमेन हे पहिल्या-दुसऱ्या इकलीममध्ये येतात, म्हणजे उष्ण, असंतुलित भागात. इस्लामचा उदय तर तिथलाच. मग तो म्हणतो की अरबस्तानला तीन बाजूंनी समुद्र आहे, त्याच्या ओलाव्याने तिथली हवा मवाळ झाली. साईदने भारतीयांसाठी जे केले, तेच इब्न खल्दूनने अरबांसाठी केले.

मुळात हा आटापिटा करायची गरज होती का, असा प्रश्न मला पडतो. कुरआनात सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे, उणीव नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अजानची जबाबदारी दिली ती हबशी वंशाच्या हजरत बिलाल यांना. हे सारे या विद्वानांना तोंडपाठ होते. पण ग्रीकांकडून आलेली चौकट इतकी शास्त्रीय वाटत होती की तिच्यापुढे घरातली शिकवण मागे पडली.

जे प्रत्यक्ष गेले

इकलीमच्या परंपरेत एक दुसरी वाट होती, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. ती प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची आहे.

जेरुसलेमचा अल मुकद्दसी याने साधारण ९८५ मध्ये आपला ग्रंथ लिहिला. त्याने सात पट्टे बाजूला ठेवले आणि इस्लामी जगाचे १४ इकलीम केले, सहा अरबांचे आणि आठ अजमचे. त्याच्याकडे इकलीम म्हणजे सूर्याचा पट्टा नव्हे, तर एक जिवंत प्रदेश. तिथली हवा, पाणी, फळे, धंदे, बोली, वजने-मापे, मजहब, लोकांच्या खोडी, सगळे त्यात येते. बहुतेक ठिकाणे त्याने स्वतः हिंडून पाहिली होती. मुस्लिमेतर मुलखांबद्दल मात्र त्याने लिहिले नाही, ही त्याची मर्यादा.

त्याच्याही आधी, हिजरी ३०४ म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, बगदादचा अल मसूदी आपल्या कोकणात आला होता. ज्याला तो सैमूर म्हणतो ते आजचे चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले. त्यांत सीराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. राज्य राष्ट्रकूटांचे होते. कोकणी मुसलमानांचा इतिहास लिहिताना ही नोंद नेहमी दिली जाते. पण हवामानाच्या इतिहासातही मसूदीला जागा आहे. इराकमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा. हिंदुस्थानात मात्र जून, जुलै, ऑगस्ट या महिन्यांत पावसाची झड लागते. मसूदीच्या अनुभवात पाऊस म्हणजे हिवाळा. म्हणून त्याने लिहिले की आपला उन्हाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो. पावसाळा नावाचा तिसरा ऋतू त्याच्या भाषेच्या चौकटीत बसत नव्हता.

शंभर वर्षांनी अल बिरूनी, मराठी पुस्तकांतला अल्बेरुणी, याने ही अडचण सोडवली. त्याने आपल्या भाषेतला शब्द लादण्याऐवजी इथलाच शब्द घेतला, वर्षाकाल. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या ‘किताब अल हिंद’मध्ये तो हा शब्द अरबी लिपीत लिहितो. कुठे पाऊस जास्त, कुठे कमी, डोंगरांचा त्याच्याशी काय संबंध, याची तो चौकशी करतो. आमच्याकडे वर्षाकाल नसतो, असे मुलतानच्या लोकांनी सांगितल्याचेही नोंदवतो. याच ग्रंथात महाराष्ट्र देशाचा आणि कोकणची राजधानी म्हणून ठाण्याचा उल्लेख आहे.

खलाशांना तर पट्ट्यांशी देणेघेणेच नव्हते. त्यांना वारा हवा होता. अरबीत ‘मौसिम’ म्हणजे ठरलेली वेळ. कोणत्या बंदरातून कधी शीड उभारायचे, ती वेळ. पंधराव्या शतकातल्या इब्न माजिद या नावाड्याने अशा तारखांची तपशीलवार माहिती दिली आहे. याच शब्दातून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत मान्सून आला आणि आपल्याकडे मोसमी वारे आले. ‘हवामान’ या मराठी शब्दातली हवाही अरबीच आहे. अरबीतून आपल्यापर्यंत पोहोचलेली हवेची भाषा चौथ्या इकलीमच्या विद्वानांकडून आली नाही, ती बोलीत आणि बाजारात मिसळलेल्या माणसांकडून आली.

नागपूर आणि मक्का

सात पट्ट्यांचा दोष समजून घ्यायचा तर नकाशावर दोन शहरे पाहावीत. मक्का साधारण साडेएकवीस उत्तर अक्षांशावर आहे आणि नागपूर साधारण एकवीसवर. टॉलेमीच्या हिशेबाने दोन्ही दुसऱ्या इकलीममध्ये. सूर्याचा कल जवळपास तोच, मोठा दिवस तेवढाच. पण मक्केत वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस आणि नागपुरात हजार मिलिमीटरच्या आसपास. एकीकडे उघडे खडक, दुसरीकडे संत्र्यांच्या बागा आणि सागाची जंगले. इतके लांब जायचे नसेल तर सातारा जिल्हा पुरेसा आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. अक्षांश सारखाच. फरक सह्याद्रीने केला आहे.

म्हणजे हवामान ठरते ते सूर्य, समुद्र, वारे, डोंगर आणि उंची या सगळ्यांनी मिळून. आज जगभर वापरले जाणारे वर्गीकरण व्लादिमिर कोप्पेन या रशियात जन्मलेल्या जर्मन शास्त्रज्ञाचे. त्याने १८८४ मध्ये उष्णतेच्या पट्ट्यांचा नकाशा काढला आणि १९०० मध्ये वर्गीकरण मांडले. त्याने आधार घेतला वनस्पतींचा. एखाद्या जागी काय उगवते, यावरून तिथले हवामान ओळखायचे, आणि मग त्याला तापमान-पावसाचे आकडे जोडायचे.

त्याचे मुख्य गट पाच. पहिला उष्ण, जिथे सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमानही १८ अंशांवर असते; ॲमेझॉन, काँगो, आपले कोकण आणि विदर्भाचा बराच भाग त्यात येतो. दुसरा कोरडा, जिथे पडणाऱ्या पावसापेक्षा बाष्प होऊन जाण्याची क्षमता जास्त. सहारा, अरबस्तान, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले सोलापूर-नगरकडचे पट्टे निमकोरडे म्हणून त्यातच. तिसरा समशीतोष्ण, त्यात भूमध्य समुद्राचा काठ येतो, जिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. चौथा रशिया-कॅनडाचा, कडक हिवाळ्याचा. पाचवा ध्रुवीय, जिथे सर्वांत उबदार महिनाही १० अंशांखालीच राहतो. इब्न खल्दूनचे ट्युनिस आणि इद्रिसीचे पालेर्मो, दोन्ही शहरे तिसऱ्या गटात आहेत. या दोघांना जगाचा मध्य सुखद का वाटला असेल, याचे उत्तर बहुधा त्यातच आहे.

मजेची बाब अशी की विषुववृत्तावर वस्ती अशक्य, या ॲरिस्टॉटलच्या मताला इब्न सीनाने अकराव्या शतकातच आव्हान दिले होते. तिथे दिवस-रात्र सदा सारखे असतात, उष्णता साचायला वेळ मिळत नाही, म्हणून तो भाग उलट सर्वांत समतोल असला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. इब्न रुश्दने त्याला विरोध केला. इब्न तुफैलने मात्र आपल्या ‘हय्य इब्न यक्जान’ या कथेसाठी विषुववृत्ताखालचे, हिंदुस्थानालगतचे बेट निवडले. इब्न सीना अर्धा बरोबर होता. विषुववृत्ताजवळच्या सिंगापूरला पारा चाळिशी गाठत नाही, आमच्या नागपूरला मे महिन्यात तो पंचेचाळिशी ओलांडतो.

मध्य सरकला

युरोपची सत्ता वाढली तसा जगाचा मध्यही उत्तरेकडे सरकला. १७४८ मध्ये मॉन्तेस्क्यूने लिहिले की थंड हवेत माणूस कणखर आणि स्वातंत्र्यप्रेमी होतो, उष्ण हवेत आळशी आणि भित्रा. भारतीयांना त्याने स्वभावतःच भित्रे ठरवले. साईद अल अंदलुसीने ज्या उत्तरेच्या लोकांना थंडीने मंद ठरवले होते, तेच आता थंडीमुळे श्रेष्ठ झाले. हवा तीच, फक्त लेखणी दुसऱ्याच्या हातात गेली होती. पुढे वसाहतींचे समर्थन करताना हा युक्तिवाद किती कामी आला, ते आपण भोगले आहे.

या सगळ्या सिद्धान्ताला आपल्याच दख्खनने दिलेले उत्तर म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. इब्न खल्दूनच्या प्रतवारीत तळाशी पडला असता. त्याने अहमदनगरची निजामशाही सावरली, जमिनीच्या महसुलाची घडी बसवली. खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद वसवले आणि पाऊस कमी असलेल्या त्या पठारावर नहरीने पाणी आणले. मराठा सरदारांना सोबत घेऊन त्याने मुघल फौजांना वर्षानुवर्षे दख्खनबाहेर रोखून धरले. जहांगीर त्याला रणात मारू शकला नाही, म्हणून त्याने चित्र काढवून घेतले. भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या शिरावर बादशाह बाण सोडतो आहे. आत्मचरित्रात तो अंबरच्या रंगावरून शिव्या देतो. मारणारा आणि मार खाणारा, दोघेही कलमा पढणारे होते.

म्हणून वसाहतवादी युरोपला दोष देऊन ही गोष्ट संपत नाही. लग्नाच्या बाजारात ‘गोरी’ मुलगी मागणारे आपल्यातही आहेत. आपले पूर्वज अरबस्तानातून किंवा इराणातून आले, हे सांगताना छाती फुगवणारे आणि इथल्याच मातीतल्या मुसलमानाला, पिंजाऱ्याला, बागवानाला, कसायाला खालचा समजणारेही आहेत. हा अशराफपणा चौथ्या इकलीमचाच अवशेष आहे.

मराठी मुसलमान कोणत्या इकलीमचा, असे कुणी विचारले तर माझे उत्तर सोपे आहे. मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहणारा, बिरूनीने ज्याला वर्षाकाल म्हटले त्या मुलखाचा. तो मध्यावर आहे की टोकाला, हे मोजायची मला गरज वाटत नाही.